शेडमध्ये अडकलेला माल: मुलीच्या जनुकचाचणीचे आमचे चौदा महिने

परवा ऑफिसातल्या एकाने विचारलं, "तुझ्या पोरीची ती जीनची टेस्ट केलीस ना, कुठे केलीस? किती गेले?" त्याच्या भाच्याला डॉक्टरांनी तीच चाचणी सांगितली होती. मी सांगायला बसलो आणि चहा दोनदा मागवावा लागला. तेव्हा म्हटलं, लिहूनच काढू.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. शिक्षण बी.कॉम., नोकरी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे कस्टम्समधून माल सोडवून देणाऱ्याकडे. दिवसभर बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्समधला कागद), ड्युटी, न्हावाशेवा बंदरात अडकलेले कंटेनर. त्यामुळे जे काही समजलं ते याच भाषेत समजलं, आणि त्याच भाषेत इथे येईल.

मुलीला घरी छोटी म्हणतो, इथेही तेच नाव. जन्म ऑक्टोबर २०२०. बसायला लागली चौदाव्या महिन्यात, चालायला अडीच वर्षांची झाल्यावर. उचललं की अंग सैल, ओल्या टॉवेलासारखं हातावरून ओघळायचं. साडेतीन वर्षांची झाली तरी शब्द मोजून आठ. "लॉकडाउनमधली पोरं उशिराच बोलतात" हे आम्हाला किमान वीस जणांनी सांगितलं, आणि ऐकायला बरं वाटायचं म्हणून आम्ही ते मानलंही.

१७ मार्च २०२४, रविवार. रात्री पावणेअकराला तिला पहिली फिट आली. डोळे डावीकडे खिळले, ओठ चाटल्यासारखे हलत होते, डावा हात झटके देत होता. बायकोने तिला कुशीवर वळवलं, मी मूर्खासारखा पाणी आणायला धावलो. (फिट चालू असताना तोंडात पाणी, चमचा, काहीही घालायचं नाही. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.) शेजारच्या मुलाने मात्र प्रसंगावधान राखून मोबाइलवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. मला तेव्हा त्याचा राग आला होता. पुढे न्यूरॉलॉजिस्टनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला आणि म्हणाल्या, "तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा हे जास्त कामाचं आहे." तेव्हा राग गिळा आणि व्हिडिओ काढा.

एप्रिलमध्ये ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) झाला, २,२०० रुपये. मग भूल देऊन एमआरआय, ९,५०० रुपये. एमआरआय नॉर्मल आला म्हणून आम्ही भांडुपला परतताना पेढे घेतले. मे महिन्यात डॉक्टर म्हणाल्या की एमआरआयमध्ये मेंदूची बांधणी दिसते, पेशींच्या आतली यंत्रणा दिसत नाही. ती बघायची तर एक्झोम करावं लागेल.

एक्झोम म्हणजे आपल्या संपूर्ण जनुकसंचातला जेमतेम एक टक्का भाग, ज्यात प्रथिनं बनवण्याच्या सूचना असतात. जनुकं साधारण वीस हजार. फक्त मुलीचं केलं तर २६,०००, आई-बाप-मूल असं तिघांचं केलं तर ५४,०००. आम्ही एकटीचं केलं. हिशेब चुकला, कसा ते पुढे सांगतो.

मेडिक्लेमवाल्यांनी साफ नकार दिला. ॲडमिट नाही म्हणजे क्लेम नाही. मी तीन मेल लिहिले, तिसऱ्याला उत्तरही आलं नाही. पतपेढीतून चाळीस हजार काढले.

रक्त द्यायला मंगळवार, ११ जूनला परळला गेलो. जांभळ्या झाकणाची एक छोटी नळी, दोन मिलीलिटर रक्त, एवढाच त्या दिवसाचा वैद्यकीय भाग. बाकी पावणेदोन तास फॉर्म. तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढायचा असतो: पुरुष चौकोन, बाई गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. नात्यात लग्न झालंय का, कोणाची मुलं लहानपणी गेली, कोणाला फिट यायच्या. मी आईला गुहागरला फोन लावला. तिने चुलत आजोबांपासून सगळे चौकोन-गोल न अडखळता सांगितले, आणि शेवटी विचारलं, "आपल्या बाजूला कोणाला फेफरं नव्हतं रे. तिच्या माहेरी विचारलंस का?" फोन स्पीकरवर होता. बायको शेजारीच बसलेली. ती काही बोलली नाही. परळहून भांडुपपर्यंत काहीच बोलली नाही.

फॉर्मवर आणखी एक रकाना असतो, त्याचा विचार घरूनच करून जा. चाचणीत मुलाच्या आजाराशी संबंध नसलेलं काही सापडलं, समजा पुढे कॅन्सरचा धोका वाढवणारा बदल, तर तुम्हाला कळवायचं की नाही? काउंटरवर रांगेत उभं राहून ठरवण्याची ही गोष्ट नाही. आम्ही "नको" वर खूण केली, अजूनही त्यावर आमचं एकमत नाही. कच्चा डेटाही त्याच दिवशी लेखी मागून ठेवा. मी नंतर मागितला तर १,५०० रुपये आणि तीन आठवडे लागले.

रिपोर्ट चार ते सहा आठवड्यांत देतो म्हणाले होते. साडेआठ आठवडे लागले. शुक्रवार, ९ ऑगस्ट, सीएसएमटीला पाच बारा स्लोमध्ये बसलो होतो, आणि मेल आला. पीडीएफ अकरा पानी. पहिल्याच पानावर चौकटीत: जनुक ग्रिन२बी, मिसेन्स बदल, एका प्रतीवर, आणि शेवटच्या रकान्यात "अनिश्चित महत्त्वाचा बदल".

मिसेन्स म्हणजे एक अक्षर बदलल्यामुळे प्रथिनात एका अमायनो आम्लाच्या (प्रथिनाच्या माळेतल्या एका मण्याच्या) जागी भलतंच आलं. या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनात १,४८४ अमायनो आम्लं असतात. त्यातलं एक. मी दादरपर्यंत तो आकडा डोक्यात घोळवत होतो. आमच्याकडे बिलातला एक अंक चुकला तर कंटेनर अडकतो हे मला माहीत होतं, पण तिथे आपण अमेंडमेंट करून घेतो.

आता माझी चूक. रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या जेनेटिक काउन्सेलरची तारीख २१ ऑगस्टची होती. मधल्या बारा दिवसांत मी रात्री-रात्री मोबाइलवर वाचत बसलो. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं की या जनुकासाठी एल-सेरीन नावाची पावडर देतात. दुसऱ्याने लिहिलं मेमँटीन नावाची गोळी देतात. पावडर ऑनलाइन मिळत होती, मी ३,८०० रुपयांचा डबा मागवला. बायको म्हणाली, "डॉक्टरना विचारल्याशिवाय एक चमचा देणार नाही." डबा न फोडता कपाटावर राहिला. या चौदा महिन्यांत घरात जे काही शहाणपण झालं ते बहुतेक तिच्याकडून.

काउन्सेलिंगची फी १,५००, वेळ पन्नास मिनिटं. काउन्सेलर आमच्याहून लहान, पण एवढ्या शांतपणे बोलणारी व्यक्ती मी कस्टम हाउसात कधी पाहिली नाही. मी बसल्या-बसल्या विचारलं, "मॅडम, ते एल-सेरीन द्यायचं का मेमँटीन?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "सर, ही दोन्ही औषधं एकमेकांच्या उलट दिशेने जातात. कुठल्या दिशेला जायचं ते आपल्याला अजून माहीतच नाही."

मग त्यांनी रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढलं.

दोन मज्जापेशींच्या मधे बारीक फट असते. एक पेशी ग्लुटामेट नावाचं निरोप नेणारं रसायन सोडते, पलीकडच्या पेशीच्या पडद्यावर ते पकडणारी दारं असतात. त्यांना ग्राही म्हणतात. त्यातला एक प्रकार एनएमडीए ग्राही, शिकण्याशी आणि आठवणीशी घट्ट जोडलेला. हे दार चार तुकड्यांचं: दोन ग्लुएन१ आणि बहुतेक वेळा दोन ग्लुएन२. ग्रिन२बी हे जनुक ग्लुएन२बी हा तुकडा बनवतं.

तुकडे पडद्यावर बनत नाहीत, पेशीच्या आत आंतर्द्रव्यजालिका नावाच्या जाळ्यात बनतात. तिथे त्यांची घडी नीट पडली का, चारही तुकडे जुळले का, याची तपासणी होते. ग्लुएन१ च्या एका प्रकाराच्या शेपटीत आर्जिनिन हे अमायनो आम्ल ओळीने तीनदा असतं. ती खूण उघडी असेपर्यंत "याला बाहेर सोडू नका". जोडीचा ग्लुएन२ येऊन नीट बसला की ती खूण झाकली जाते आणि माल सुटतो. पुढे गॉल्जी नावाचं पेशीतलं पॅकिंग खातं, तिथून पिशव्यांमध्ये भरून पेशीतल्या रुळांवरून प्रवास. ग्लुएन२बीच्या पिशव्या ओढणारं एक इंजिन-प्रथिन आहे, त्याचं नाव काइफ१७. फटीपाशी पोचल्यावर पीएसडी-९५ नावाचं प्रथिन त्याची शेपूट धरून त्याला जागेवर टिकवतं. तिथेही कायमचा मुक्काम नाही, काही ग्राही पुन्हा आत ओढले जातात, काही परत बाहेर येतात.

मी म्हणालो, "म्हणजे आमचा माल न्हावाशेवाच्या शेडमध्ये पडून आहे. आउट ऑफ चार्ज, म्हणजे माल सोडायची कस्टम्सची परवानगी, मिळालेलं नाही."

त्या हसल्या. "तसं असू शकतं. पण तेच तर बघायचंय." एकाच जनुकातले बदल वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा घोळ घालतात. ग्लुटामेट पकडणाऱ्या भागात बदल झाला तर कधी घडीच बिघडते आणि तुकडा तपासणीत अडकतो, पडद्यावर पोचतच नाही. शेपूट तुटली तर पोचतो पण जागेवर टिकत नाही. मधल्या भोकाच्या भिंतीत बदल झाला तर पोचतो, टिकतो, पण दार गरजेपेक्षा जास्त वेळ उघडं राहू शकतं. पहिल्यात काम कमी पडतं, शेवटच्यात जास्त होतं. मेमँटीन ते दार अडवतं. अल्झायमरसाठीचं औषध आहे ते, आणि २०१४ मध्ये ग्रिन२ए या भावंड-जनुकात जास्त काम करणारा बदल असलेल्या एका मुलावर ते वापरल्याचं प्रसिद्ध झालं. एल-सेरीनपासून शरीरात डी-सेरीन बनतं, ते या दाराला उघडायला मदत करतं. काम कमी पडणारा ग्रिन२बी बदल असलेल्या एका मुलीला ते दिल्याचा अनुभव स्पेनमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला. दार आधीच सताड उघडं असेल आणि तुम्ही आणखी किल्ली दिलीत, तर?

मला कपाटावरचा डबा आठवला.

एक हिशेब मी तिथेच कागदावर मांडला. छोटीकडे जनुकाच्या दोन प्रती, एक चांगली, एक बदललेली. प्रत्येक दारात ग्लुएन२बीचे दोन तुकडे लागतात असं धरलं, आणि दोन्ही प्रतींतून सारखेच तुकडे आले, तर चारातलं एक दार पूर्ण चांगलं, दोन मिश्र, एक पूर्ण सदोष. काउन्सेलर म्हणाल्या, प्रत्यक्षात इतकं सरळ नसतं, ग्रिन२ए पासून बनणारा ग्लुएन२ए हा तुकडा सुद्धा मधे येतो, पण विचार बरोबर आहे. आमच्या धंद्यात आणि पेशीत एक फरक मात्र आहे. दावा न लागलेला माल कस्टम्सवाले लिलावात काढतात. पेशी त्याचे तुकडे-तुकडे करून टाकते. कागद पुरे करून नंतर सोडवून आणू, ही सोय नाही.

"अनिश्चित" हा शिक्का कसा उठतो? २०१५ पासून जगभरच्या प्रयोगशाळा जे नियम वापरतात त्यात पाच पायऱ्या आहेत: निरुपद्रवी, बहुधा निरुपद्रवी, अनिश्चित, बहुधा रोगकारक, रोगकारक. पायरी बदलायला पुरावा लागतो, आणि सगळ्यात स्वस्त पुरावा म्हणजे आई-बापाचं रक्त. बदल आमच्यापैकी कोणाच्यातही नसेल तर तो छोटीतच पहिल्यांदा झाला, आणि वजन रोगकारकच्या बाजूला पडतं. तिघांचं एक्झोम केलं असतं तर हे पहिल्याच रिपोर्टमध्ये आलं असतं. आता दोघांची सँगर तपासणी (फक्त तेवढीच एक जागा वाचून बघणारी), प्रत्येकी ३,५०० आणि आणखी तीन आठवडे. पैसे वाचलेच शेवटी, पण या तीन आठवड्यांची किंमत मी धरली नव्हती. ज्याला जमेल त्याने तिघांचंच करावं.

दहीहंडीच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. गणपतीत गुहागरला गेलो तेव्हा उत्तर आलेलं नव्हतं. आई म्हणाली, ग्रामदेवतेला कौल लावू. लावला. उजवं फूल पडलं. त्याचा अर्थ काय यावर काकांमध्ये वाद झाला, मी त्यात पडलो नाही. बायको ओटीवर बसून छोटीला करंजी भरवत होती, आत येणाऱ्या-जाणाऱ्या बायका "कोणाच्या घराण्यातून आलं म्हणे" असं हळू आवाजात विचारत होत्या. ते हळू नव्हतंच.

विसर्जनानंतर तिसऱ्या दिवशी, २० सप्टेंबरला रिपोर्ट आला. दोघांच्यातही बदल नाही. बीज तयार होताना किंवा गर्भाच्या सुरुवातीला नव्याने झालेली चूक. ग्रिन२बीचे बहुतेक रुग्ण असेच असतात. शिक्का बदलून "बहुधा रोगकारक" झाला. रोगकारक म्हटल्यावर कोणी आनंदी होतं का? बायकोने रिपोर्टचं ते पान प्रिंट काढायला लावलं, मोठ्या अक्षरात, आणि पुढच्या वेळी गावी जाताना पर्समध्ये ठेवलं. आईला तिने ते स्वतः वाचून दाखवलं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तुमच्या दोघांत काहीच नाही ना? बरं झालं." एवढंच. माफीबिफी आमच्याकडे कोणी मागत नाही, पण त्या रात्री तिने सुनेच्या ताटात स्वतःच्या वाटणीची बांगड्याची तुकडी वाढली.

(पुढचं मूल हवं असेल त्यांच्यासाठी: नव्याने झालेला बदल असला तरी पुन्हा होण्याची शक्यता शून्य मानत नाहीत, साधारण एक टक्का धरतात. कारण आई किंवा बापाच्या काही बीजपेशींत तो बदल असू शकतो आणि रक्तात दिसत नाही.)

माल पोचतो की नाही हा प्रश्न अजून तसाच होता. ऑक्टोबरमध्ये न्यूरॉलॉजिस्टनी परदेशातल्या एका प्रयोगशाळेला मेल केला. असं काम अटलांटाच्या एमरी विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणी चालतं. तिथे मोजतात कसं, ते काउन्सेलरनी फोनवर समजावलं, आणि या सगळ्या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच आहे. ग्राहीच्या पेशीबाहेर राहणाऱ्या टोकाला एक विकर (एन्झाइम) जोडतात. पेशींवर नायट्रोसेफिन नावाचं पिवळं द्रावण ओततात. ते पेशीच्या आत शिरत नाही, त्यामुळे जे ग्राही पडद्यावर पोचलेत त्यांच्याच विकराशी त्याची गाठ पडते आणि पिवळ्याचं लाल होतं. हळदीच्या डागाला साबण लागला की होतो ना, अगदी तसं. मग दुसऱ्या वाटीतल्या पेशी फोडून आतलं-बाहेरचं सगळं मिळून किती लाल होतं ते बघतात. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की बनलेल्या मालापैकी किती सुटला ते कळतं. दार उघडल्यावर प्रवाह किती वाहतो ते बेडकाच्या अंड्यांत वेगळं मोजतात.

उत्तर यायला एकोणीस दिवस लागले. डॉक्टरांनी ओपीडीत मेल वाचून दाखवला. हा नेमका बदल त्यांच्याकडे आधीच मोजलेला होता. म्हणजे जगात कुठेतरी आणखी एक मूल आहे, ज्याच्या १,४८४ मध्ये नेमकं तेच अक्षर चुकलंय. बायकोने विचारलं, "मुलगा की मुलगी?" डॉक्टर म्हणाल्या, ते कळवत नाहीत.

निकाल असा: पडद्यावर पोचणारे ग्राही नेहमीच्या तुलनेत एक तृतीयांशाच्या आसपास. जे पोचतात त्यांनाही ग्लुटामेट जास्त लागतं. एकूण काम कमी. म्हणजे मेमँटीनचा विषय आमच्यापुरता संपला. एल-सेरीनबद्दल डॉक्टर म्हणाल्या की विचार करता येईल, पण आधी फिट आटोक्यात येऊ दे, मग मोजून-मापून, त्यांच्या देखरेखीखाली. आणि तो ऑनलाइनचा डबा नाही, त्याच्यावर शुद्धतेचा कागदच नाही. डबा टाकून दिला. ३,८०० रुपये.

मी विचारलं, अडकलेला माल सोडवणारं औषध नाही का? घडी सावरायला मदत करणारे रेणू असतात, त्यांचा इतर काही आजारांत उपयोग होतो, यासाठी आज तरी हातात काही नाही. त्यांनी ते गोड करून सांगितलं नाही, हे मला बरं वाटलं.

मग आलं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. त्यावर वेगळं लिहावं लागेल इतकं आहे, इथे थोडक्यात. स्वावलंबन पोर्टलवर नोव्हेंबरमध्ये अर्ज केला. अर्जातल्या आणि आधारमधल्या नाव-आडनावाचा क्रम जुळला नाही म्हणून अर्ज एकदा परत आला. तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाची तारीख फेब्रुवारीत मिळाली, सकाळी आठला रांगेत उभे राहिलो, नंबर लागला पावणेएकला. मानसशास्त्रज्ञांनी ठोकळे, चित्रं, मणी असं करून तासभर चाचणी घेतली. भुकेल्या मुलाची चाचणी चुकीची येते, डबा आणि आवडतं खेळणं बरोबर ठेवा. जनुकाचा रिपोर्ट बोर्डाने बाजूला सारला. त्यांना मूल आज काय करू शकतं तेच मोजायचं असतं, आजाराचं नाव काय आहे ते नाही. त्यावर वाद घालू नका, मी वीस मिनिटं घातला. ६५ टक्के दिव्यांगत्व लिहून तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं, मे २०२५ मध्ये कार्ड टपालाने आलं. कार्डाचा पहिला उपयोग आयकरात झाला: १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम ८० डीडी, ७५,००० ची वजावट, फक्त जुन्या करपद्धतीत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ही मिळते, ८० किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,०००. निरामय विमा योजनेचा अर्जही या कार्डावर भरला, त्यात वर्षाला एक लाखापर्यंतच्या उपचारांची सोय आहे.

सगळा खर्च जोडला तर प्रवास आणि थेरपी सोडून ५२,००० च्या आसपास गेला, त्यातले ३,८०० निव्वळ माझ्या उतावीळपणाचे. स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा, मुलुंडला, तो हिशेब चालूच आहे. शब्द आता तेवीस. रिपोर्ट दर दोन वर्षांनी पुन्हा तपासून घ्या असं काउन्सेलरनी सांगितलंय, कारण जनुकांची माहिती वाढत राहते. तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवली आहे.

पुढचा ईईजी येत्या गुरुवारी, सकाळी साडेआठला. झोपेतला ईईजी आहे, म्हणून आदल्या रात्री छोटीला जागं ठेवायचंय आणि वाटेत टॅक्सीत डुलकी लागू द्यायची नाही. पाळ्या ठरल्यात: बारापर्यंत मी, पहाटे चारपासून बायको. आई मुद्दाम आली आहे गुहागरहून, ती म्हणते टॅक्सीची जबाबदारी माझी, गाणी म्हणत नेते. केसांना तेल लावू नका असं लॅबने बजावलंय, ते तिला कोण सांगणार यावर आज रात्री चर्चा आहे.